रंगाची दुपारची झोप

माणूस निवृत्त झाला की घरात त्याला दोनच जागा उरतात. एक, जिथे अजून झाडायचं आहे ती. आणि दुसरी, जिथे नुकतंच झाडून झालं आहे ती. दोन्हीकडून उठवलं जात असल्यामुळे मी सकाळी साडेनऊला जिना उतरतो आणि खालच्या पॉलिशच्या दुकानात स्टुलावर जाऊन बसतो. त्या दुकानात बिनपॉलिशची वस्तू ते एकच स्टूल आहे. मी बसल्यावर दोन होतात.

दुकान पॉलिशमास्तरांचं. पुढे दुकान, मागे दोन खोल्यांचं घर, मध्ये दाराऐवजी पडदा. उत्तरेला मोठी खिडकी. रंग बघायचा तर त्या खिडकीत, असा मास्तरांचा दंडक. बल्बच्या उजेडात रंग बघणं म्हणजे टेलिफोनवर माणसाची उंची ओळखणं, असं ते म्हणत. शेजारच्या गाळ्यात त्यांच्या बायकोचा धाकटा भाऊ सुतारकाम करतो. तो वस्तू बनवतो, ती भिंतीपलीकडून इकडे येते, आणि मग दोघांचं भांडण होतं. गेली वीस वर्षं एकही खुर्ची भांडणाशिवाय त्या दुकानातून बाहेर पडलेली नाही.

"दाजी, टेबल मी बनवतो," सुतार म्हणे. "तुम्ही नुसती वरून पावडर लावता."

"तू बनवतोस म्हणून तर पावडर लावावी लागते. हे बघ. सांध्याला सरस तसाच ठेवलायस. इथे रंग बसेल का? ठिगळ दिसणार, ठिगळ."

"पुसला होता."

"कशानं? विचारानं?"

मास्तरांचं म्हणणं असं की पॉलिश हे काम नव्वद टक्के घासण्याचं आहे आणि उरलेले दहा टक्के पुन्हा घासण्याचं. आधी ऐंशी नंबरचा पॉलिश पेपर, मग एकशेवीस, मग एकशेऐंशी. घासायचं ते रेषेच्या दिशेनं. आडवं घासलं तर ते ओरखडे तेव्हा दिसत नाहीत, रंग चढल्यावर दात काढतात. मग ओल्या फडक्यानं फळी पुसायची. पाणी लागलं की लाकडाचे केस उभे राहतात. ते सुकले की हलक्या हातानं उतरवायचे. फळीच्या कापलेल्या टोकाला लाकूड अधाशासारखं रंग पितं, म्हणून तिथे आधी पातळ लाखेचा एक हात द्यायचा, म्हणजे त्याचं पोट भरतं. एवढं सगळं झाल्यावर रंग. आणि रंगाला मास्तरांशिवाय कुणी हात लावायचा नाही.

रंग ते नजरेनं करत. माप नाही, पुस्तक नाही. गावभर ख्याती होती की मास्तर जुन्या लाकडाकडे एकदा बघतात आणि नव्याला त्याचं वय देतात. सकाळी पितळी वाटीत पुड्या कालवायच्या, फळीच्या तुकड्यावर एक पट्टा ओढून बघायचा, "जुळला" म्हणायचं आणि वाटीवर बशी झाकून जेवायला जायचं. जेवणानंतर दीड तास झोप. त्यांच्या मते रंगालाही झोप लागते. ताजा कालवलेला रंग चिडका असतो, तासभर पडू दिला की शांत होतो. मग उठून, चहा घेऊन, लाकडाला लावायचा.

आता खरी गोष्ट सांगतो. रंग झोपत नव्हता. रंगाला त्या दीड तासात कुणीतरी उठवत होतं.

मला हे कळलं दोन वर्षांपूर्वी. माझ्या जुन्या लिहायच्या टेबलाचा एक ड्रॉवर वाळवीनं खाल्ला. सुतारानं नवा बनवला आणि तो बाकीच्या दोन ड्रॉवरांशी जुळवायचं काम मास्तरांकडे आलं. त्यांनी रंग कालवला, तुकड्यावर पट्टा ओढला आणि खिडकीत धरला. जुने ड्रॉवर खारकेच्या रंगाचे. पट्टा पिकल्या लिंबाकडे झुकलेला.

"जुळला," मास्तर म्हणाले. "काय, भाऊ?"

"वा," मी म्हणालो. मी चाळीस वर्षं नोकरी केली आहे. जबाबदार माणसानं पिवळ्याला तपकिरी म्हटलं तर काय करायचं, हे मला शिकवावं लागत नाही.

मास्तर जेवून झोपले. आतून घोरणं सुरू झालं तसा पडदा हलला आणि मास्तरांच्या बायको, म्हणजे आमच्या वहिनी, बाहेर आल्या. ओले हात पदराला पुसत त्यांनी बशी उचलली, वाटीकडे पाहिलं, माझ्या ड्रॉवरांकडे पाहिलं, पुन्हा वाटीकडे पाहिलं. मग मुठीतली पुडी सोडली, चिमूटभर निळी पूड वाटीत टाकली आणि काडीनं ढवळली. एक ठिपका तुकड्याच्या मागच्या बाजूला लावला. खारीक!

"भावजी," त्या म्हणाल्या, "तुम्ही काही पाहिलं नाही."

"काय पाहिलं नाही?"

"शाबास."

ती कपड्यांची नीळ होती. वहिनींचा तर्क सरळ होता. पांढरा सदरा पिवळट पडला की आपण काय घालतो? मग लाकूड पिवळट पडलं तर वेगळं काय घालणार? मास्तरांच्या डोळ्यांवर मोतीबिंदू धरला होता. त्यांना सगळंच जग पिवळट दिसत असल्यामुळे त्यातलं पिवळं वेगळं दिसत नव्हतं. ज्या घरात सगळेच ओरडून बोलतात तिथे आरडाओरडा ऐकू येत नाही, तसं.

"मग सांगा ना त्यांना," मी म्हणालो.

"सांगितलं होतं. मी नाही, माझ्या भावानं."

ती हकिगत मला माहीत होती. सुतारानं एकदा कपाटाच्या दाराकडे बघून "दाजी, जरा डोळे तपासून घ्या" एवढं म्हटलं होतं. त्यावर मास्तर त्याच्याशी चार महिने बोलले नाहीत. काम थांबलं नाही; खडूनं फळ्यांवर लिहून चालू राहिलं. "इथे सरस." "पाय हलतो." "मूर्ख." सुतारही खालीच उत्तरं लिहायचा. त्या काळातल्या एका पलंगाच्या तळाशी अजूनही अख्खा पत्रव्यवहार आहे आणि त्यावर एक जोडपं निवांत झोपतं.

"त्यांच्याकडे दुसरं आहे काय?" वहिनी म्हणाल्या. "दुकान भाड्याचं, गुडघे गेलेले. नजर तेवढी आहे म्हणतात लोक. ती पण गेली म्हणून मी सांगू?"

तेव्हापासून आम्ही दोघं कटात सामील. माझं काम सोपं होतं. घोरणं थांबलं की मी खोकायचो. दोन वर्षांत मला चार डॉक्टरांनी तपासलं. छाती स्वच्छ निघाली.

असं सुरळीत चाललं होतं, आणि वाचनालयाचं टेबल आलं.

वाचनालयाच्या बाई स्वतः सांगायला आल्या. मधल्या दालनातलं लांब टेबल, पाच फळ्यांचं, सागवानी. छत गळून मधली फळी कुजली होती. ती बदलायची.

मास्तर उभे राहिले. एरवी ते गिऱ्हाईक आलं तरी उठत नाहीत.

"त्या टेबलाचं पॉलिश मी केलंय," ते म्हणाले. "अडतीस वर्षं झाली. माझं पहिलं काम. तेव्हा मिसरूडही नीट नव्हतं."

"माहीत आहे. म्हणून तर तुमच्याकडे आले." बाईंनी चष्मा वर सरकवला. "पण एक अडचण आहे. समितीला त्यावर लॅमिनेट चिकटवायचंय. अध्यक्षांच्या मते लाकूड जुनाट दिसतं."

"लाकूड जुनंच आहे."

"तेच मी म्हटलं. शेवटी ठराव असा झाला: दुरुस्त करून बघा. नवी फळी कुठली ते ओळखू आलं नाही, तर टेबल आहे तसं राहील. ओळखू आलं, तर अख्ख्या टेबलावर लॅमिनेट. तीन आठवडे आहेत."

"ओळखू येणार नाही," मास्तर म्हणाले. "अध्यक्षांना सांगा, भिंग घेऊन या."

पडद्याआडून भांड्यांचा आवाज येत होता, तो थांबला.

टेबलाचा वरचा भाग पायांपासून सोडवून हातगाडीवर आला. सुतारानं कुजलेली फळी काढली, नवी बसवली. सांधा असा केला होता की मास्तरांना भांडायला जागा सापडेना. त्या दिवशी दोघंही उदास होते. मग मास्तरांनी घासायला घेतलं. तीन दिवस घासलं. मध्ये कुणाला हात लावू दिला नाही. शेवटी ओलं फडकं घेऊन त्यांनी फळी पुसली, सुकू दिली, डोळे मिटले आणि तळहात फळीवरून फिरवला. हे ते नेहमी करत. डोळा लाच खातो, बोट खात नाही, असं त्यांचं वचन होतं.

हात अर्ध्यात थांबला. मागे गेला. पुन्हा तिथेच थांबला.

"हे कुणी घासलं?"

दुकानात आम्ही तिघं होतो. सुतार वर आढ्याकडे बघू लागला. मी खोकलो, सवयच.

मास्तरांनी टेबलाखालचा पॉलिश पेपर उचलला, उलटा केला, डोळ्याजवळ नेला, लांब नेला. मग माझ्यापुढे धरला. "नंबर वाचा."

"ऐंशी."

"एकशेऐंशी."

"ऐंशी, मास्तर. पुढे एक नाही."

शेवटचा हात त्यांनी खरखरीत पेपरानं दिला होता. फळीभर बारीक ओरखडे. रंग लागला असता तर मांजरानं नखं परजल्यासारखी दिसली असती. रंगाबद्दल लोक खोटं बोलू शकतात. नंबर छापील असतो. मास्तरांनी तो कागद घडी करून खाली ठेवला. आता खडू उचलतात की काय, म्हणून सुतारानं खडूचा डबा हळूच मागे सारला.

"डोळ्यांचा डॉक्टर कुठे बसतो रे?" त्यांनी विचारलं.

"बसस्टँडच्या मागे," सुतार म्हणाला. "मी नेतो, दाजी."

"तू कशाला? तू फळी घास. एकशेऐंशीनं. वाचता येतं ना तुला?"

उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी डावा महिन्यानं करू म्हणून सांगितलं. नऊ दिवस मास्तर काळा चष्मा लावून आतल्या खोलीत पडून होते. या नऊ दिवसांत वहिनींनी दोनदा देवाला आणि एकदा मला विचारलं की आता पुढे काय. देवाचं उत्तर मला माहीत नाही. मी म्हणालो, "पुढे बरंच. नजर आली, आता निळीची गरज नाही. गोष्ट संपली." मी आशावादी आहे, त्यामुळेच नोकरीत फारसा वर गेलो नाही.

दहाव्या दिवशी मास्तर चष्मा काढून दुकानात आले आणि दारातच उभे राहिले. एक हात डाव्या डोळ्यावर, मग उजव्या. मग पुन्हा डाव्या.

"माझा हा सदरा पांढरा आहे?"

"पहिल्यापासून," वहिनी म्हणाल्या.

"मी क्रीम घेतला होता."

"तुम्ही पांढराच घेतला होता. क्रीम झाला तो तुमच्या डोळ्यात."

दिवसभर हाच कार्यक्रम. भिंत, कॅलेंडर, माझं टक्कल. सगळं एकदा या डोळ्यानं, एकदा त्या डोळ्यानं. निळ्या रंगाचं त्यांना विशेष अप्रूप. बादली निळी आहे, आकाश निळं आहे, सुताराची चप्पल निळी आहे, हे त्यांनी आम्हाला अशा तऱ्हेनं सांगितलं की जणू आम्हीच इतके दिवस लपवून ठेवलं होतं. संध्याकाळी चहाच्या वेळी म्हणाले, "चला भाऊ, तुमचा ड्रॉवर बघू. नव्या डोळ्यानं आपलं काम बघावं म्हणतो."

बावीस वर्षांत हा माणूस जिना चढून माझ्याकडे आला नव्हता.

वर येऊन त्यांनी टेबल पाहिलं. तिन्ही ड्रॉवर सारखे. मास्तर खूश झाले. "बघा! तेव्हा तर डोळ्यावर पडदा होता माझ्या. तरी जुळलाच ना? हात, भाऊ. हातातच असतं." मग सहज म्हणून त्यांनी नवा ड्रॉवर पूर्ण बाहेर ओढला, कुशीवर केला आणि फळीच्या कापलेल्या टोकाकडे पाहिलं. उजव्या डोळ्यानं. बराच वेळ. मग ड्रॉवर काखेत मारून खाली उतरले. त्यातल्या माझ्या जुन्या पावत्या जिनाभर पसरल्या.

मी पावत्या वेचत पोचेपर्यंत ड्रॉवर खिडकीत उभा होता आणि भिंतीपलीकडून सुताराला बोलावणं गेलं होतं.

"हे काय आहे?"

टोकाच्या बारीक छिद्रांमध्ये निळे कण होते. सुईच्या टोकाएवढे, पण सगळीकडे. टोक रंग जास्त पितं. पिताना पूडही गिळली होती.

"शाई असेल," मी म्हणालो. "लिहायचं टेबल आहे."

"शाई आतून बाहेर येते का? हे रंगाच्या खाली आहे, भाऊ. पॉलिशच्या खाली. मी जन्मात निळा रंग आणलेला नाही. तू आणलास?"

"मी सुतार आहे, दाजी," सुतार घाईघाईनं म्हणाला. "मी फक्त चुका करतो. रंग नाही करत."

पडदा बाजूला झाला. वहिनींच्या हातात चहाचे कप होते. त्यांनी ते खाली ठेवले, आत गेल्या, आणि निळीची पुडी आणून ड्रॉवरवर ठेवली.

"नीळ आहे. कपड्यांची."

"कुणी घातली?"

"मी."

"किती?"

"कधी चिमूट, कधी दीड."

"कधीपासून?"

"तुम्ही मोतीबिंदूला डोळ्यात गेलेला भुसा म्हणत होता, तेव्हापासून."

मास्तर माझ्याकडे वळले. "म्हणून तुम्ही खोकत होता!"

"छाती स्वच्छ आहे," मी म्हणालो.

मास्तर स्टुलावर बसले, म्हणजे माझ्या जागेवर. त्यांचं तोंड एकदम म्हातारं दिसलं. ते बोटांवर मोजू लागले. वाण्याचं कपाट, दवाखान्याचा बाक, शाळेतली सहा दारं, माझा ड्रॉवर. दोन वर्षांतली सगळी कामं, ज्यांना लोक येऊन हात लावत आणि म्हणत, काय नजर आहे.

"म्हणजे हे तुझं आहे," ते म्हणाले.

"माझी चिमूट आहे नुसती. घासणं कुणाचं आहे? लाखेचा हात कुणाचा?"

त्यांनी खडू उचलला.

मला वाटलं होतं निदान बायकोशी तरी बोलतील. नाही. फळीच्या तुकड्यावर "चहा" लिहून तुकडा पडद्याखालून आत सरकवला. थोड्या वेळानं तुकडा परत आला. खाली लिहिलं होतं: "साखर संपली." हे तीन दिवस चाललं. लाकूड महाग, म्हणून तिसऱ्या दिवशी त्यांनी जुने निरोप घासून पुन्हा त्यावर लिहायला घेतलं. एकशेऐंशीनं.

आणि समिती परवावर आली.

मास्तरांनी रंग करायला घेतला. नव्या फळीचाच एक तुकडा, तेवढ्याच नंबरनं घासलेला, कारण घासणी बदलली की रंगाची भूक बदलते. पट्टा ओढला. डाव्या डोळ्यानं पाहिलं: ठीक. उजव्यानं पाहिलं: निळसर. पिवळा वाढवला. डाव्यानं ठीक, उजव्यानं अजून निळसर. पुन्हा पिवळा. दुपारी झोपले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा पहिल्यापासून. तीन तुकडे झाले, चौथा झाला.

नवीन डोळ्याला अजून सगळंच निळं दिसत होतं. डॉक्टरांनी सांगितलं होतं, महिनाभर असं वाटेल. मास्तरांनी ते ऐकलं होतं, पण नव्या नोकराप्रमाणे नव्या डोळ्यावरही त्यांचा जरा जास्तच विश्वास बसला होता. उजवा म्हणे एक, डावा म्हणे दुसरं. एका तोंडावर अख्खी समितीच बसली होती म्हणा.

"भाऊ, तुम्हाला कसा वाटतो?"

चौथा पट्टा पिवळाजर्द होता. मला माझी चाळीस वर्षांची नोकरी आठवली. त्या पाच फळ्या लाकडी घोडीवरून आमच्याकडे बघत होत्या: चार खारकेच्या, मधली कोरी, उघडी.

"पिवळा आहे, मास्तर."

"नक्की?"

"नक्की."

"दोन वर्षांपूर्वी का नाही बोललात?"

"दोन वर्षांपूर्वी तुम्ही विचारलं नव्हतं. तुम्ही सांगितलं होतं."

एक वाजला, जेवणाची वेळ टळून गेली. मग त्यांनी चौथा तुकडा घेतला, पट्ट्याच्या शेजारी खडूनं काहीतरी काढलं आणि पडद्याखालून आत सरकवला. सरकवताना मी पाहिलं. शब्द नव्हता. नुसतं प्रश्नचिन्ह.

आत बराच वेळ काहीच हललं नाही. सुतार भिंतीपलीकडे ठोकत होता, तोही थांबला; त्या भिंतीला कान आहेत आणि ते त्याचे आहेत. मग पडदा उघडून वहिनी तुकडा घेऊन बाहेर आल्या. थेट खिडकीत गेल्या. तुकडा जुन्या फळीशेजारी ठेवला, बोट ओलं करून पट्ट्यावरून फिरवलं, मागे सरून डोळे बारीक केले. मास्तर करत तसंच, हुबेहूब. ही बाई इतकी वर्षं पडद्याआडून नुसती भांडी घासत नव्हती, हे मला तेव्हा कळलं.

"पिवळा फार चढवलाय," त्या म्हणाल्या. "चिमटीनं भागायचं नाही. दीड."

"घाल," मास्तर म्हणाले. वहिनींशी तीन दिवसांतला पहिला शब्द.

"तुमच्यासमोर?"

"मग काय झोपायला जाऊ?"

वहिनींनी पुडी सोडली. चिमूट वाटीवर आली, तेवढ्यात मास्तरांनी त्यांचं मनगट धरलं.

"अशी नाही. कोरडी टाकतेस, म्हणून कण राहतात. आधी थोड्या पाण्यात खल. मग फडक्यातून गाळ. गाळलेलं घाल."

"दोन वर्षं तर—"

"दोन वर्षं टोकाला निळे डाग ठेवलेस. माझ्या नावावर. कुणी भिंग घेऊन आलं असतं म्हणजे?"

"तुम्हाला दिसले असते तर सांगितलं असतंत ना!"

"दिसले म्हणून तर सांगतोय!"

भांडण सुरू झालेलं ऐकून सुतार आला, आणि समाधानानं दाराला टेकून उभा राहिला. वहिनींनी नीळ खलली, मास्तरांनी फडकं धरलं, गाळलेलं निळं पाणी वाटीत पडलं. वहिनींनी ढवळलं, थांबल्या, अजून चार थेंब मागितले. पट्टा ओढला. सुकू दिला.

मास्तरांनी तो उजव्या डोळ्यानं पाहिला नाही, डाव्यानंही नाही. त्यांनी वहिनींकडे पाहिलं.

"जुळला," वहिनी म्हणाल्या.

मग मास्तरांनी काम हातात घेतलं आणि पुढचं सगळं त्यांचं होतं. टोकांना आधी लाखेचा पातळ हात, त्यांचं पोट भरायला. फडक्याच्या बोळ्यानं रेषेच्या दिशेनं एका दमात रंग, न थांबता, कारण मध्ये थांबलं की तिथे वळ उठतो. लगेच कोरड्या फडक्यानं जास्तीचा पुसून काढणं. सुकल्यावर पाचही फळ्यांवर मिळून लाखेचे तीन हात. त्या दिवशी रंगाला झोप मिळाली नाही. त्याला ती कधीच नको होती, असं दिसतं.

दुसऱ्या दिवशी अकराला समिती वाचनालयात जमली. सातजण आणि लॅमिनेटच्या नमुन्यांचं एक पुस्तक. टेबल पायांवर उभं होतं. अध्यक्ष वाकले, डाव्या बाजूनं पाहिलं, उजव्या बाजूनं पाहिलं, टिचकी मारली. भिंग खरंच आणलं होतं. मास्तर हात मागे बांधून उभे होते. वहिनी दाराशी, जणू वर्तमानपत्र वाचायला आल्यासारख्या. त्यांचं वर्तमानपत्र उलटं होतं.

अध्यक्षांनी चौथ्या फळीवर बोट ठेवलं. "ही. मला वाटलंच होतं. लगेच कळते. जरा पिवळी आहे."

वाचनालयाच्या बाईंनी खोकल्याचं नाटक केलं. त्या बाबतीत त्यांना सराव नव्हता हे मला चटकन कळलं.

"ती अडतीस वर्षांची आहे," मास्तर म्हणाले. "नवी ही. मधली."

"कशावरून?"

मास्तरांनी बाईंना खूण केली. बाईंनी टेबलाखाली डोकं घालून वाचून दाखवलं: मधल्या फळीच्या तळाला सुताराच्या अक्षरात खडूनं लिहिलं होतं, "नवी. दाजी, सरस पुसला आहे. हातानं."

अध्यक्षांनी भिंग खिशात घातलं. ते पुन्हा एकदा मधल्या फळीकडे वाकले, मग चौथीकडे, मग म्हणाले की चौथीला तेवढं बघता आलं तर बघा, आणि ठराव दप्तरी दाखल झाला. नमुन्यांचं पुस्तक ज्यानं आणलं होतं त्यानं ते आपल्या काखेत परत घेतलं.

मंडळी चहाला गेली. मास्तर मात्र टेबलाच्या टोकाशी उकिडवे बसले होते, उजवा डोळा फळीच्या कापलेल्या टोकाला लावून. मी शेजारी वाकलो. एकही निळा कण नव्हता.

"गाळलं म्हणून," ते म्हणाले, आणि गुडघ्यांना हात देत उठले.

अध्यक्ष कप घेऊन परत आले. टेबलावरून हात फिरवत म्हणाले, "पण मास्तर, रंग छान आहे हो. आमच्या घरच्या दारांना पण हाच लावू. कुठल्या कंपनीचा?"

मास्तरांनी दाराकडे पाहिलं. वहिनींनी वर्तमानपत्र आता सुलट केलं होतं आणि त्या अजूनही वाचत नव्हत्या.

"घरचाच आहे," ते म्हणाले. "हिला विचारून सांगतो, किती लागेल ते."